सेप्सिस गरिबांना जास्त होतो का, की सगळ्यांना सारखाच धोका असतो?

हो, सेप्सिस (जंतुसंसर्गाला शरीर इतकी बिघडलेली प्रतिक्रिया देतं की स्वतःच्याच अवयवांना इजा होते) गरिबांना जास्त होतो आणि त्यात दगावण्याचं प्रमाणही जास्त. 2020 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या जागतिक अभ्यासात 2017 सालचे अंदाजे 4.89 कोटी पेशंट आणि 1.1 कोटी मृत्यू धरले होते, त्यातले सुमारे 85 टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. डायबेटिस कंट्रोलमध्ये नसतो, लसी राहून जातात, ताप आला तरी कामाचा खाडा परवडत नाही म्हणून माणूस दवाखान्यात उशिरा पोचतो, आणि सेप्सिसमध्ये एकेक तास महागात पडतो. शिवाय (हे फारसं कुणी सांगत नाही) काळ्या-सावळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर कधीकधी ऑक्सिजन खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो, त्यामुळे पेशंट आहे त्यापेक्षा बरा वाटू शकतो. फक्त पैसा असला म्हणजे सुटलात असं नाही हं, तान्ही बाळं, म्हातारी माणसं, केमो चालू असलेले, यांना धोका असतोच.