गिटार आणि बेस दोन्हीसाठी एकच मॉडेलिंग ॲम्प (वेगवेगळ्या ॲम्पच्या आवाजांची नक्कल करणारा) घेऊ का? बजेट 20 हजार, रेकॉर्डिंगपण करायचंय

तुम्ही गिटार वाजवता, भाऊ बेस, राहता फ्लॅटमध्ये, मग ॲम्प आत्ता घेऊच नका. आधी दोन इनपुटवाला ऑडिओ इंटरफेस घ्या, म्हणजे गिटार-बेस कॉम्प्युटरला जोडणारा डबा.

मी उलटं केलं होतं. आठ इंची स्पीकरचा मॉडेलिंग ॲम्प आणला, त्यात ढीगभर आवाज, वापरले तीनच, आणि मित्राने त्यात बेस लावून व्हॉल्यूम वाढवला तर स्पीकर फडफडायलाच लागला. बेसची जाड ई तार 41 हर्ट्झ, गिटारची 82, गिटारचा एवढासा स्पीकर तिथे काय करणार. हळू आवाजात चालतं, ड्रमसोबत विसरा.

इंटरफेसमध्ये स्कार्लेट 2आय2 किंवा बेहरिंगरचा यूएमसी202एचडी बघा, दोघं एकदम रेकॉर्ड करू शकता. इन्स्ट्रुमेंटचं बटण मात्र दाबा, नाहीतर लाइन इनपुट गिटारच्या पिकअपवर (तारांखालचा मायक्रोफोनसारखा भाग) लोड टाकतो आणि आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो (मी महिनाभर तारांना शिव्या घालत होतो 😅). रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर 60 दिवस फुकट वापरता येतं आणि ॲम्पचा आवाज देणारं न्यूरल ॲम्प मॉडेलर तर कायमचं फुकट, लोकांनी खऱ्या ॲम्पची कॅप्चर्स (आवाजाची नक्कल असलेल्या फाइल्स) बनवून ठेवलीयत ती त्यात टाकायची. फक्त कॅप्चर नुसत्या हेडचं (स्पीकरशिवायच्या ॲम्पचं) असेल तर पुढे कॅबिनेटचा आयआर, म्हणजे स्पीकरच्या आवाजाची फाइल, लावा, नाहीतर कानाशी माश्या घोंगावतात. खरी मजा पुढे आहे, ट्रॅक क्लीनच, म्हणजे ॲम्पच्या आवाजाशिवाय, रेकॉर्ड होतो, म्हणजे आज वाजवलेल्या बेसचा ॲम्प पुढच्या महिन्यात बदलला तरी चालतं, परत वाजवायला नको.

विंडोज असेल तर इंटरफेसच्या कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी करणारा) टाका, त्यातली बफर ही सेटिंग 128 ठेवा (कमी बफर, कमी उशीर), तडतड झाली तर 256. हेडफोन वायरवालेच, ब्लूटूथमध्ये आवाज इतका उशिरा येतो की ताल जातोच. आणि घूंऽऽ असा आवाज आला तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये सॉकेटचं तिसरं, अर्थिंगचं भोक नुसतं शोभेला आहे.

पुढे पैसे साठले की गिटारसाठी सेकंडहँड बॉस कटाना 50 ॲम्प शोधा, 12 इंची स्पीकर आहे आणि अर्ध्या वॉटवर वाजतो म्हणून शेजारी सुखी. घेताना सगळे नॉब फिरवून खरखर येते का बघा. भावाला त्यात बेस लावू देऊ नका.