आपल्या हाताला मानवणारे लेखन

प्रश्न : पीएच.डी. होऊन तीन वर्षे झाली. या काळात माझे दोनच शोधनिबंध प्रसिद्ध झाले, तर माझ्या बरोबरीचा एक सहकारी वर्षाला तीन-चार लिहून मोकळा होतो. नवे प्रयोग उभारण्यात माझे मन रमत नाही. इतरांचे निबंध वाचणे, टिपणे काढणे आणि दोन निबंधांतील विसंगती हुडकणे यात मात्र वेळ कसा जातो ते कळत नाही. या स्वभावावर लेखनाची कारकीर्द उभी राहील का, की मीच बदलायला हवे? – एक संशोधिका

उत्तर : सहकाऱ्याचे निबंध मोजण्याआधी ते कोणत्या जातीचे आहेत ते पाहावे. एका प्रयोगमालिकेतून चार निबंध निघणे आणि दीडशे निबंध वाचून एक आढावा-लेख निघणे, या दोन कामांना एकच माप लावता येत नाही. नवा शोध जाहीर करणारा निबंध तेवढा खरा, बाकीचे दुय्यम, ही समजूतही तपासून घ्यावी. ऑलिव्हर लॉरी आणि सहकाऱ्यांनी १९५१ साली प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची केवळ एक पद्धत लिहून काढली. तीन लाखांहून अधिक वेळा संदर्भ दिला गेलेला तो निबंध सर्वाधिक उद्धृत निबंधांत गणला जातो.

आपले बळ कशात आहे हे ठरवताना आवडीपेक्षा हाताच्या सवयीवर विश्वास ठेवावा, कारण आवडीबाबत आपण स्वतःची सहज फसवणूक करतो. मागच्या निबंधाच्या जुन्या फाइली उघडा. एकाच प्रश्नावर उलटसुलट निष्कर्ष देणारे निबंध, त्यांतील नमुन्याची संख्या, मोजण्याचे साधन आणि कालावधी असा तक्ता त्यांत सापडला, आणि कोणी न सांगता तो तुम्ही तीन-चार वेळा दुरुस्त केलेला दिसला, तर आढावा-लेखनाचे बीज तिथे आहे. मात्र असा तक्ता म्हणजे लेख नव्हे. माझा पहिला आढावा-लेख समीक्षकांनी परत पाठवला होता, आणि ते योग्यच झाले. ‘अमुक यांनी हे दाखवले, तमुक यांनी ते’ अशी जंत्री मी अठरा पाने चालवली होती, पण निष्कर्ष का जुळत नाहीत यावर एक परिच्छेदही लिहिला नव्हता. विसंगती हुडकण्याची तुमची सवय नेमकी इथे कामाला येईल.

पद्धतशीर आढावा, म्हणजे आधी ठरवलेल्या निकषांनी निबंध शोधून-निवडून केलेला आढावा, करायचा असेल, तर तो एकट्याने होत नाही. शोधाचे निकष आधी लिहून नोंदवावे लागतात, निबंधांची निवड किमान दोघांनी स्वतंत्रपणे करायची असते आणि मतभेद झाल्यास ते चर्चेने किंवा तिसऱ्याच्या मताने मिटवायचे असतात. त्यामुळे सहलेखक लागतीलच, आणि तो भराभर लिहिणारा सहकारी त्यांपैकी एक का नसावा? कोणाचा वाटा कोणता हे सांगण्यासाठी अनेक नियतकालिके आता १४ भूमिकांची ठरावीक यादी वापरतात. तिच्यात प्रयोग करणे, विदेचे (डेटाचे) विश्लेषण, पहिला मसुदा आणि मसुद्याची चिकित्सा या वेगवेगळ्या नोंदी आहेत.

मूळ संशोधन पूर्णपणे सोडा, असे मी म्हणणार नाही. नेमणूक आणि बढतीच्या वेळी आढावा-लेखांना किती वजन दिले जाते, हे आपल्या संस्थेत आधी विचारून घ्यावे. ते कमी असेल, तर प्रयोगाची बाजू सांभाळणाऱ्या सहलेखकाबरोबर मधूनमधून एखादा मूळ निबंध करावाच लागेल. शिवाय आढावा-लेख छापणारी काही नियतकालिके केवळ निमंत्रितांचेच लेखन घेतात. म्हणून सगळा लेख लिहून बसण्याऐवजी संपादकांना आधी एक पानाचा प्रस्ताव पाठवावा आणि त्यात निष्कर्ष कुठे जुळत नाहीत तो वादाचा मुद्दा पहिल्याच परिच्छेदात मांडावा.