जागतिकीकरणामुळे संथाळ आदिवासींची संस्कृती संपत चालली आहे का?

नोकरीनिमित्त मी काही वर्षं झारखंडात दुमक्याला होतो, तेवढ्या भांडवलावर सांगतो. संपत वगैरे नाहीये. पण ज्या शेतीवर ती उभी होती, ती शेती बदलली आहे.

सोहरायचंच बघा. आपला पोळा दिवसभरात उरकतो. सोहराय हा संथाळांचा गुराढोरांचा सण पाच दिवस चालतो. संथाळ परगण्यात, म्हणजे दुमक्याच्या भागात, तो जानेवारीत येतो, भात घरात आल्यावर. ओडिशात मयूरभंजकडे दिवाळीच्या सुमारास. तारीख पंचांग बघून नव्हे, गावचा मांझी, म्हणजे मुखिया, सगळ्यांना विचारून ठरवतो, त्यामुळे शेजारशेजारच्या गावांचे सणही वेगवेगळ्या दिवशी. खुंटावच्या दिवशी बैल खुंटाला बांधतात आणि ढोल बडवत त्याला चिथवतात. बैल उसळला की पोरांची पळापळ! आता नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर येतो, मग बैल पोसायचा कुणी? आणि पोरं केरळात नाहीतर चेन्नईत बांधकामावर. मांझीला तारीख काढताना त्यांच्या सुट्ट्याही धराव्या लागतात.

कामासाठी बाहेर जाणं तसं जुनंच. भातलावणीला बंगालात बर्दवानकडे बायाबापड्या टोळीने जायच्या, टोळीनेच परतायच्या. आता ठेकेदाराबरोबर पोरगा एकटा जातो. तरुण पोरापोरींच्या वागण्यावर लक्ष ठेवायला आणि लग्नं बघायला गावात जोग मांझी असतो. मोबाइलवर जमलेल्या प्रेमापुढे तो बिचारा काय करणार! (मला विचाराल तर याचं फार वाईट वाटून घेऊ नये.)

जमिनीचं मात्र तसं नाही. संथाळ परगण्यात 1949 च्या कुळकायद्यामुळे ती सहजासहजी विकता येत नाही, म्हणून बाहेरचा पैसा आला तरी गाव अजून जागेवर आहे.

आणि लिपीची गोष्ट तर उलटीच. पंडित रघुनाथ मुर्मू यांनी 1925 मध्ये संथाळी भाषेसाठी ओल चिकी ही लिपी तयार केली. पण संथाळ माणूस जिथे राहील तिथल्या लिपीत लिहायचा: कुठे बंगाली, कुठे उडिया, कुठे देवनागरी, मिशनऱ्यांकडे रोमन. 2003 च्या घटनादुरुस्तीने संथाळी राज्यघटनेतल्या भाषांच्या यादीत, आठव्या अनुसूचीत, आली, 2008 मध्ये ओल चिकी युनिकोडमध्ये (म्हणजे संगणक-मोबाइलच्या अक्षरसंचात), 2018 मध्ये संथाळी विकिपीडिया सुरू झाला. दुमक्याच्या पोराने इंटरनेटवर टाकलेलं आता मयूरभंजची पोरगी त्याच लिपीत वाचू शकते. शाळेत मात्र संथाळीतून शिकायची सोय अजून सगळीकडे नाही.