कॅनडात येण्यापूर्वी: उपचार, शाळा आणि प्रांताचे राजकारण

नमस्कार. तुम्ही नाशिकहून तीन गोष्टी विचारल्या आहेत: कॅनडात उपचार खरोखर मोफत आहेत का, सहा आणि अकरा वर्षांच्या दोन्ही मुलांना सरकारी शाळेत घालावे का, आणि तिथल्या राजकारणाकडे लक्ष न देता राहता येईल का. तिन्हींचे उत्तर एकत्रच द्यावे लागेल, कारण इथे शाळा आणि रुग्णालये चालवणे हे मुख्यतः प्रांताचे काम आहे, आणि तुम्हाला फॅमिली डॉक्टर मिळेल की नाही, मुलाच्या वर्गात मदतनीस असेल की नाही, हे प्रांतातले सरकार कोणते यावर बरेच अवलंबून असते. मी ऑन्टारिओत, मिसिसागाला राहतो, त्यामुळे लिहितो ते याच प्रांताविषयी.

पीआर, म्हणजे कायमस्वरूपी राहण्याचा परवाना, घेऊन आलात तर प्रांताचा आरोग्य विमा, ज्याला सगळे ओहिप म्हणतात, आल्याबरोबर लागू होतो. पूर्वीची तीन महिन्यांची अट मार्च २०२० मध्ये काढली गेली. ब्रिटिश कोलंबियात अजून थांबावे लागते, तेव्हा तिकडे जायचे ठरले तर मधल्या काळाचा खासगी विमा घ्याच. डॉक्टरांची भेट, बाळंतपण, शस्त्रक्रिया यांचे बिल येत नाही. माझ्या पत्नीची पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा कोणी अनामत मागितली नाही, की घरी सोडताना कॅशलेसच्या मंजुरीसाठी ताटकळावे लागले नाही; खिशातून गेले ते पार्किंगचे पैसे. मात्र रुग्णालयाबाहेरची औषधे, दात आणि वीस ते चौसष्ट वयातली डोळ्यांची नेहमीची तपासणी सर्वसाधारणपणे यात येत नाही. नोकरीत विमा मिळतो का, हे ऑफर लेटर स्वीकारण्यापूर्वी विचारून घ्या. खासगी विमा नसेल आणि कुटुंबाचे निव्वळ उत्पन्न वर्षाला ९०,००० डॉलरपेक्षा कमी असेल, तर केंद्र सरकारच्या दंत योजनेसाठी अर्ज करता येतो. त्यासाठी कर विवरणपत्र भरलेले असावे लागते. ही योजना २०२२ मध्ये एनडीपी या डाव्या पक्षाने लिबरल पक्षाच्या अल्पमत केंद्र सरकारला पाठिंबा देताना घातलेल्या अटींतून आली.

किंबहुना इथली आरोग्यसेवाच राजकीय लढ्यातून उभी राहिली आहे. सस्कॅचवान प्रांतात तिथले माजी मुख्यमंत्री टॉमी डग्लस यांच्या पक्षाने १९६२ मध्ये सार्वजनिक विमा लागू केला तेव्हा डॉक्टरांनी तेवीस दिवस संप केला होता. सरकार मागे हटले नाही, आणि काही वर्षांत ती व्यवस्था देशभर गेली. विम्यात येणाऱ्या सेवेसाठी रुग्णाकडून वरचे पैसे घेण्याला आळा बसला तो १९८४ च्या कॅनडा हेल्थ ॲक्टमुळे.

आज ती व्यवस्था आजारी आहे, हेही सांगितले पाहिजे. लाखो लोकांना फॅमिली डॉक्टर नाही. नव्याने आलेल्यांना वॉक-इन क्लिनिकवर, म्हणजे आधी वेळ न घेता जाता येणाऱ्या दवाखान्यांवर, दिवस काढावे लागतात, आणि जिवावर बेतलेले नसेल तर इमर्जन्सीत तासन् तास बसावे लागते. हे आपोआप झालेले नाही. ऑन्टारिओच्या कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने २०१९ मध्ये कायदा करून परिचारिका आणि शिक्षकांची पगारवाढ तीन वर्षांसाठी वर्षाला एक टक्क्यावर रोखली. न्यायालयाने तो कायदा २०२२ मध्ये घटनाबाह्य ठरवला, पण तोपर्यंत कोविडने थकलेल्या कितीतरी परिचारिका नोकरी सोडून गेल्या होत्या. पुढच्याच वर्षी सरकारने नफ्यावर चालणाऱ्या खासगी केंद्रांना सार्वजनिक पैशातून जास्त शस्त्रक्रिया करू देणारा कायदा आणला. आपल्या मंडळींना यात वावगे वाटत नाही. लवकर नंबर लागतो ना, मग बिघडले कुठे, असे म्हणतात. परंतु भूलतज्ज्ञ आणि परिचारिका तेवढ्याच आहेत, त्या तिकडे गेल्या की सार्वजनिक रुग्णालयातली रांग वाढणारच. महाराष्ट्रात सुस्थितीतला वर्ग सिव्हिल हॉस्पिटलमधून आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून बाहेर पडला, आणि मग तिथल्या हालांविषयी बोलणाऱ्यांचा आवाज मंत्रालयापर्यंत पोहोचेनासा झाला. तेच इथे घडू नये, असे मला मनापासून वाटते.

मुलांना सरकारी शाळेतच घाला. घराच्या पत्त्यावरून शाळा ठरते. डोनेशन नाही, पालकांची मुलाखत नाही. सुरुवातीला इंग्रजीची चाचणी होते आणि गरज असेल तर वेगळी मदत मिळते. दलाल घर दाखवताना शाळांची क्रमवारी पुढे करतात, तिच्यावर भाड्याचा निर्णय घेऊ नका. ती तिसरी, सहावी अशा इयत्तांच्या प्रांतिक परीक्षांवर बेतलेली असते आणि त्या गुणांत वस्तीचे उत्पन्न बरेचसे उतरलेले असते. त्यापेक्षा शाळेत जाऊन ग्रंथपाल पूर्ण वेळ आहे का, विशेष गरज असलेल्या मुलांसाठी मदतनीस किती आहेत, हे विचारा. सरकारी निधी अपुरा पडतो तिथे पालक पिझ्झा लंच विकून पैसे जमवतात, आणि श्रीमंत वस्तीतली शाळा त्यातून टॅब्लेट घेते तेव्हा भाडेकरूंच्या वस्तीतल्या शाळेला सहलीचा खर्चही झेपत नाही. त्यात २०२५ मध्ये प्रांत सरकारने टोरांटोसह काही स्कूल बोर्डांवर, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळांवर, पर्यवेक्षक नेमून निवडून आलेल्या विश्वस्तांचे अधिकार काढून घेतले, त्यामुळे तक्रार नेमकी कोणाकडे न्यायची हेच पालकांना कळेनासे झाले आहे.

एक काम नाशिकमध्येच उरका. ऑन्टारिओत शाळेला लसीकरणाची नोंद लागते, आणि ती नसेल तर मुलाला काही दिवस शाळेबाहेर ठेवता येते. आपल्या सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस आहे, पण गालगुंड आणि कांजिण्यांची नाही; इथे दोन्ही लागतात, शिवाय मेनिंगोकॉकल या मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या जंतूवरची लसही. बालरोगतज्ज्ञांकडून सगळ्या नोंदी तारखांसह इंग्रजीत लिहून सही-शिक्क्यानिशी घ्या. राहिलेल्या लसी इथे मोफत मिळतात. या नियमाचा त्रास मानू नका: लसीकरण ढिले पडल्यामुळे २०२५ मध्ये गोवराची मोठी साथ आली आणि १९९८ पासून टिकवलेला गोवरमुक्त देशाचा दर्जा कॅनडाने गमावला.

राहिले राजकारण. पीआरला मतदान करता येत नाही. नागरिकत्वासाठी पाच वर्षांत १,०९५ दिवस इथे राहावे लागते. २०२२ च्या प्रांतिक निवडणुकीत निम्म्याहून कमी मतदार बाहेर पडले, आणि त्या निकालाचे परिणाम मतदान न केलेल्यांच्या मुलांनाही भोगावे लागले. पण मत नसले तरी तुमच्या भागातल्या आमदाराच्या, म्हणजे एमपीपीच्या, कार्यालयात जाऊन बोलता येते. ओहिप कार्ड अडकले तरी तिथेच जा. आणि शक्यतो ऑगस्टमध्ये या, कारण शाळा सुरू झाल्यावर पहिल्या तीस दिवसांत पालक परिषदेची निवड होते. तिला उभे राहायला नागरिकत्व लागत नाही, मूल त्या शाळेत असले की पुरते.