मॉरिस मायनरचं जाम झालेलं पुढचं सस्पेन्शन कसं सोडवायचं?

म्हापशाच्या शेडमध्ये कित्येक पावसाळे उभी असलेली मायनर, स्टेअरिंग जेमतेम हलतं, आणि गॅरेजवाला म्हणतो, घण मारून काढू. घणाला आधी नाही म्हणा.

मेकॅनिक ज्याला किंगपिन म्हणतात तो मायनरमध्ये गुळगुळीत खांब नसतो. त्याच्या वरच्या-खालच्या टोकांना आटे असतात, ते ट्रनियनमध्ये, म्हणजे आतून आटे पाडलेल्या धातूच्या तुकड्यात, बसतात आणि चाक वळतं ते त्या आट्यांवर. ग्रीस आटलं, गोव्यातली खारी दमट हवा आत शिरली की तिथेच गंज धरतो. घणाचे घाव आट्यांवर बसले तर पिनही गेली आणि ट्रनियनही.

गाडी चॅसिसखाली भक्कम स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. चाक काढल्यावर दुसरा जॅक खालच्या आर्मखाली लावा. इथे कॉइल स्प्रिंग नाही, टॉर्शन बार आहे, म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारी पोलादी कांब, आणि तो ताणलेला असतो. जॅक न लावता वरची जोडणी सोडली तर आर्म झटक्यात खाली येतो, बोटं मध्ये असतील तर संपलंच. शॉकॲब्सॉर्बरचा हात हाच वरचा आर्म आहे. तो वरच्या ट्रनियनपासून सुटला की जॅक सावकाश उतरवून बारचा पीळ जाऊ द्या. बार काढायचाच असेल तर आधी स्प्लाइनवर, म्हणजे टोकाच्या खाचांवर, रंगाची खूण करा. डावा-उजवा बार अदलाबदल करायचा नाही, कारण वापरलेला बार एकाच दिशेने पिळायला सरावलेला असतो. पाइप पान्ह्याने तो धरू नका; वरचा ओरखडा पुढे तडा होतो.

आता जाम आटे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन समप्रमाणात मिसळून आठवडाभर रोज थोडं सोडा आणि धीर धरा. घाई असेल तर पिन-ट्रनियन एकत्रच बाहेर काढून बाकावर बाहेरचा भाग, म्हणजे ट्रनियन, तापवा. गाडीवर असताना गॅस लावू नका: रबरी बुश, ब्रेकचा होज आणि सर्वांत वाईट म्हणजे टॉर्शन बार, ज्याचं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरलं की तो भंगार. जोर लावण्याआधी आट्यांची दिशा बघा, कारण गाडीच्या डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे एकमेकांच्या उलट असतात. नटांना इंची पानेच लागतात; मिलिमीटरचा जवळपास बसणारा पाना कडा गोल करतो.

सुटलं म्हणून खूश होऊ नका. खालच्या ट्रनियनच्या आट्यांवरच ते चाक जागेवर असतं. आटे झिजून उडाले की चाक आडवं होतं, बहुधा वळणावरच. आटे टोकदार दिसले, हाताने खेळ जाणवला तर पिन आणि ट्रनियन दोन्ही नवे टाका. मायनरचे सुटे भाग ब्रिटनमध्ये अजून बनतात, तेव्हा लेथवर जुगाड करण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

बसवताना नवा ट्रनियन शेवटपर्यंत फिरवून मग साधारण एक वळसा मागे घ्या, नाहीतर स्टेअरिंग पूर्ण वळल्यावर तो अडकतो. स्प्लिट पिन नव्याच. रबरी बुशचे नट आत्ता हातानेच लावा आणि गाडी स्वतःच्या वजनावर उभी राहिल्यावर आवळा. चाक लोंबकळत असताना आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

ग्रीस भरताना चाक उचललेलं असू द्या, म्हणजे जिथे भार येतो त्या बाजूलाही ते पोचतं. जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन थांबवू नका. (स्टँडर्ड हेराल्डवाल्यांनी हे वाचून ग्रीस मारू नये, त्यांच्या ट्रनियनला ९० नंबरचं गिअर ऑइल लागतं.) जूनआधी एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा हे करा, गाडी फिरली नसली तरी.

अलाइनमेंट मात्र शंभर-दोनशे किलोमीटर चालवल्यावर करा. नवे बुश बसायला तेवढा वेळ घेतात, आणि म्हापसा-पणजी रस्त्यावर तेवढं अंतर आठवड्याभरात होऊन जातं.