वाचक गटाचा महिन्याचा विषय कसा ठरवायचा?

तुम्ही लिहिलंय की लातुरात तुमचा १२ जणांचा वाचक गट आहे. दर महिन्याला विषयावरून वाद होतो म्हणून ग्रुपवर मतदान घेता, आणि जो विषय जिंकतो तोही निम्मे लोक वाचून येत नाहीत. मग विषय ठरवायचा तरी कसा, हा तुमचा प्रश्न.

आमचा गट अंबाजोगाईत सहा वर्षं चालू आहे. १७ जण आहोत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. बाकी एक निवृत्त ग्रामसेवक काका, कापड दुकानवाले चाचा, दवाखान्यातल्या एक सिस्टर, अंगणवाडीच्या ताई, दोन शेतकरी, कॉलेजची पोरं, असे सगळे. महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी चारला ग्रंथालयात बसतो. तुमची आज जी अडचण आहे, ती पहिली दोन वर्षं आमचीही होती, म्हणून सविस्तर लिहिते.

एकदा आम्ही असंच रात्री मतदान घेतलं. 'आत्मचरित्र' या विषयाला ११ मतं पडली. इतकी मतं आधी कशालाच पडली नव्हती, मला फार आनंद झाला. बैठकीला मात्र तिघंच वाचून आले. त्या दिवशी मी घरी जाऊन जेवलेसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सुचवलेल्या पुस्तकांची यादी घेऊन ग्रंथालयात गेले. पाचपैकी तीन पुस्तकं तिथं नव्हतीच. एक दिवाळीपासून कुणाकडं तरी अडकलं होतं. पाचव्याची शेवटची पानं सुटून गेली होती. विकत घ्यायचं म्हटलं तर एकेका पुस्तकाला तीन-चारशे रुपये, शिवाय मागवून हातात पडेपर्यंत पंधरा दिवस जाणार. माणसं आळशी नव्हती हो. जी पुस्तकं मिळणारच नव्हती त्यांच्यावर आपण मतं गोळा केली होती.

तेव्हापासून आम्ही विषय ग्रंथालयाच्या कपाटासमोर उभं राहूनच ठरवतो. बैठकीची शेवटची वीस मिनिटं त्यासाठीच ठेवलेली असतात. ग्रंथपाल काका कुलूप काढून देतात आणि ज्याला जे हाताला लागेल ते पुस्तक काढून पहिलं पान मोठ्यानं वाचायचं. एकदा कॉलेजातल्या एका पोरीनं खालच्या फळीवरून रा. रं. बोराडे सरांची 'पाचोळा' काढली. १९७१ची कादंबरी. मागच्या पानावर चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का किती तरी वर्षांपूर्वीचा होता. बोराडे सर तुमच्याच जिल्ह्यातले, काटगावचे. शिंप्याच्या घराची गोष्ट आहे आणि सांगणारी त्या घरातली बाई आहे. पोरगी दोन पानं वाचून थांबली तर अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, "थांबू नको गं, वाच की. माझी आई अशीच बोलायची." तिथंच पुढच्या महिन्याचा विषय ठरला: घरात जे घडलं ते घरातल्या बाईनं सांगितलं तर कसं सांगेल? मग त्या विषयाला धरून आणखी काय आहे ते बघितलं. बायकांनी लिहिलेली आत्मकथनं निघाली, दोन कादंबऱ्या निघाल्या, एक ओव्यांचा संग्रह निघाला. आमचा हिशोब सोपा आहे: एका विषयावर कपाटातून निदान सहा पुस्तकं हाताला लागली तर तो विषय घ्यायचा, नाही तर सोडायचा.

इथंच दुसरी गोष्ट सांगते. सगळ्यांनी एकच पुस्तक वाचायचा हट्ट सोडून द्या. तालुक्याच्या ग्रंथालयात एका पुस्तकाच्या १२ प्रती कुठून असणार? विषय एक ठेवा, पुस्तकं वेगवेगळी. यात आणखी एक फायदा होतो. एकच पुस्तक असलं की दोन बोलके लोक बोलतात आणि बाकीचे माना हलवतात. प्रत्येकाचं पुस्तक वेगळं असलं की माझ्या पुस्तकात काय आहे ते माझ्याशिवाय कुणालाच माहीत नसतं, मग बोलावंच लागतं.

पण माझ्या मते खरी मेख विषयाच्या शब्दांत असते. 'ग्रामीण कादंबरी', 'स्त्री साहित्य', 'ऐतिहासिक' ही कपाटाच्या फळ्यांवरची नावं झाली. अशा नावानं कुणाच्या पोटात काही हलत नाही. विषय प्रश्नासारखा मांडा, आणि प्रश्न असा हवा की त्याचं थोडंसं उत्तर आपल्या घरात असेल आणि उरलेलं पुस्तकात शोधावं लागेल.

सप्टेंबरचं उदाहरण देते. पहिली दोन वर्षं आम्ही सप्टेंबरला 'मुक्तिसंग्राम' असा विषय ठेवला. १९४८ला निजामाच्या राजवटीतून मराठवाडा सुटला म्हणून १७ सप्टेंबरला झेंडावंदन असतं, शाळेत भाषणं होतात, आपल्याला सगळं ठाऊक आहे असं वाटतं, आणि म्हणून कुणी वाचत नाही. तिसऱ्या वर्षी त्या महिन्याचा विषय ठरवायची पाळी ग्रामसेवक काकांची होती. त्यांनी विषय असा सांगितला: १९४८ साली आपल्या घरात काय झालं? अट एकच. आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारायचं, मगच पुस्तक उघडायचं. अनंत भालेरावांचं 'हैद्राबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' जाडजूड आहे, त्याची प्रकरणं आम्ही वाटून घेतली. आमच्या गावाचं नाव तेव्हा मोमिनाबाद होतं आणि मुक्तिसंग्रामाचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ त्याआधी इथल्या शाळेत शिकवायचे, हे कॉलेजच्या पोरांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. निजामाच्या बाजूनं हत्यार घेऊन फिरणाऱ्या रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी तुमच्या लातुरात वकिली करायचा, हे तर मलाही ठाऊक नव्हतं.

त्या बैठकीत काकांनी सांगितलं की त्यांची आजी रझाकारांच्या भीतीनं दोन लेकरं घेऊन रात्रीतून बार्शीकडं गेली होती, कारण बार्शी निजामाच्या हद्दीबाहेर. जाताना तिनं जात्याचा खुंटा तेवढा काढून सोबत नेला, का ते तिला पुढं कधीच सांगता आलं नाही. तो खुंटा काकांनी पिशवीतून आणला होता. गुळगुळीत, काळा पडलेला, वीतभर लाकडाचा तुकडा. तो हातोहात फिरत चाचांपर्यंत गेला. चाचा सप्टेंबरच्या बैठकीत कधी बोलायचे नाहीत, हे आमच्या लक्षातही आलं नव्हतं. त्या दिवशी खुंटा हातात धरून ते बोलले. भारताची फौज संस्थानात आली त्या पोलीस कारवाईनंतरच्या आठवड्यात त्यांच्या आजोबांचे धाकटे भाऊ घराबाहेर पडले ते परत आलेच नाहीत. ते रझाकार नव्हते, त्यांचं कापडाचं दुकान होतं. बाकीच्या घराला एका कुणब्यानं आठ दिवस आपल्या शेतातल्या आखाड्यावर लपवून ठेवलं. चाचा म्हणाले, "आमच्या घरात ही गोष्ट हळू आवाजात सांगतात." नंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. पुढच्या महिन्यात एका पोरानं पंडित सुंदरलाल समितीबद्दलचा मजकूर शोधून आणला. १९४८च्या अखेरीला भारत सरकारनं ही समिती हैदराबाद संस्थानात काय घडलं ते बघायला पाठवली होती. तो मजकूर आम्ही सगळ्यांनी वाचला. कुणी सांगितलं म्हणून नाही, राहवलं नाही म्हणून.

तेच पुस्तक, तीच माणसं, तोच महिना. विषयाचे शब्द तेवढे बदलले होते.

आता ठरवायचं कुणी, ते सांगते. आम्ही मतदान बंद केलं. डब्यात सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकतो, ज्याची निघेल तो महिना त्या माणसाचा. एकदा निघालेली चिठ्ठी सगळ्यांची पाळी होईपर्यंत परत टाकायची नाही. विषय तोच माणूस मांडणार, पहिलं तोच बोलणार, आणि चहाही त्याच्याकडंच. मतदानात जे हरतात ते मनातून महिनाभर बाहेर असतात. पाळीत कुणी हरत नाही, आज त्याची आहे, उद्या माझी येईल. गटात एखादे सर फार वाचलेले असतात आणि विषय नेहमी त्यांच्याच तोंडून येतो, तेही पाळीनं आपोआप थांबतं. आमच्याकडं सगळ्यात चांगले विषय कमी वाचणाऱ्यांनी दिले. अंगणवाडीच्या ताईंनी विचारलं होतं, पुस्तकातली माणसं उपाशी असली की काय खातात? त्या एका प्रश्नावर आमची पोरं दलित आत्मकथनांपर्यंत जाऊन पोचली.

पाळीसोबत आम्ही एक हक्कही ठेवला. वर्षातून एकदा प्रत्येकाला 'हा विषय मला नको' असं म्हणता येतं आणि कारण कुणी विचारायचं नाही. एका वर्षी एका पोरानं शेतकरी आत्महत्येचा विषय मांडला. हेतू चांगलाच होता. सिस्टरांनी नको म्हटलं. विषय तिथल्या तिथं बदलला, पोरानंही मन मोठं केलं. कारण आम्हाला पुढं दोन वर्षांनी कळलं, त्यांनीच सांगितलं. मराठवाड्यात गट चालवायचा तर हा हक्क ठेवाच. इथं कुणाच्या घरात काय होऊन गेलंय ते आपल्याला माहीत नसतं.

वर्षाचं गणितही थोडं बघत चला. जून-जुलैत पेरणी असते, आमच्या शेतकऱ्यांना मान वर करायला सवड नसते. तेव्हा कथा ठेवतो, एका बैठकीत वाचून होणाऱ्या. भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल' आम्ही अशीच बसल्या बसल्या वाचली. बाजारात टमाट्याला भाव मिळत नाही, त्याची गोष्ट. वाचून झाल्यावर आमच्या एका शेतकऱ्यानं स्वतःची बाजारातली पट्टी खिशातून काढून वाचून दाखवली: हमाली, तोलाई, गाडीभाडं, आणि खाली उरलेला आकडा. विषय होता 'भाव कोण ठरवतं?' दिवाळीनंतर दिवाळी अंक. मासिक 'मनोरंजन'नं १९०९ साली पहिला काढला तेव्हापासूनची आपली परंपरा आहे, आणि प्रत्येकानं वेगळा अंक घेऊन फिरवला की खर्चही वाटला जातो. येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या सुमारास कविता. आमच्यातल्या एकांचं शेत रेणापूरकडं आहे, भज्जी आणि आंबील झाल्यावर कोपीपाशी बसून वाचतो. लातूरच्या माणसाला येळवस मी काय सांगू! मार्चमध्ये पोरांच्या परीक्षा असतात, तेव्हा सरळ सुट्टी द्या, ओढाताण करू नका.

वाचलं नाही म्हणून कुणाला बोलू मात्र नका. आमच्यातल्या एका काकूंना डोळ्यांमुळं वाचता येत नाही, त्यांचा नातू रोज रात्री दहा पानं वाचून दाखवतो. बैठकीला आता तोही येतो, त्याच्या नावाची चिठ्ठीही डब्यात आहे.

तुमचा पुढचा विषय कुठला घ्यावा, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. तुमच्या बारा जणांत चाळिशीच्या वरचे कुणी असतील तर त्यांना ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आठवत असेल. आदल्या दिवशी गणपती विसर्जन होऊन लोक उशिरा झोपले होते आणि किल्लारीला भूकंप झाला. पडलेलं घर परत बांधलं की ते आपलंच घर असतं का, असा काहीसा प्रश्न त्यातून निघेल. शब्द तुम्हीच ठरवा. पण आधी ग्रंथालयात जा आणि घर सुटलेल्या माणसांची सहा पुस्तकं निघतात का बघा: भूकंपाची, धरणात गेलेल्या गावांची, ऊसतोडीला जाणाऱ्यांची, फाळणीची, कुठलीही चालतील. आणि गटात कुणाचं माणूस त्या पहाटे गेलेलं असेल, तर त्यांना आधी एकटं गाठून विचारा. ते नको म्हणाले तर दुसरा विषय घ्या.