फुटलेली बरणी सांधता येईल का?

प्रश्न : आमची गिरगावातील चाळ पुनर्विकासाला गेली, तेव्हा सामान टेम्पोत चढवताना सासूबाईंची चिनी मातीची लोणच्याची बरणी हातातून निसटली. वर तपकिरी आणि खाली पांढरी अशी ही मोठी बरणी त्यांनी संसाराच्या सुरुवातीला घेतली होती, आणि तिच्या तोंडाला दादरा बांधण्याचे काम त्या दुसऱ्या कोणाला करू देत नसत. तिचे सात मोठे तुकडे झाले असून बारीक चुरा मी पुडीत बांधून ठेवला आहे. मुलाने घाईघाईने दोन तुकडे फेविक्विकने जोडले, पण ते किंचित पुढेमागे बसले आहेत. बरणी पुन्हा नीट सांधता येईल का? तीत लोणचे घालता येईल का? आणि हल्ली सोनेरी रेघा देऊन भांडी जोडतात, तसे करावे का? (एक वाचक, सध्या मुक्काम बोरिवली)

उत्तर : बरणी सांधता येईल, मात्र तीत पुन्हा लोणचे घालू नये. घरगुती दुरुस्तीचे गोंद खाद्यपदार्थांच्या दीर्घ सहवासासाठी केलेले नसतात, आणि लोणच्यातील मीठ, आंबटपणा व तेल वर्षभर सांध्याला लागून राहिले तर सांधाही टिकत नाही आणि पदार्थाचीही खात्री राहत नाही. ही बरणी यापुढे पाहण्याची वस्तू आहे, हे एकदा मनाशी ठरले की गोंदाची निवडही बदलते. मग तो किती घट्ट धरतो यापेक्षा तो पुढे कधी सोडवता येईल का, हे महत्त्वाचे ठरते.

प्रथम मुलाने जोडलेले तुकडे सोडवावेत. ॲसिटोनमध्ये कापूस भिजवून तो सांध्यावर ठेवावा, वरून प्लास्टिकचा कागद गुंडाळावा आणि गोंद मऊ पडेपर्यंत कापूस बदलत राहावे. हे काम खिडक्या उघड्या ठेवून, गॅस व देवापुढचे निरांजन बंद असताना करावे, कारण ॲसिटोनची वाफ चटकन पेट घेते. तुकडे ओढून तोडू नयेत. कडेचा टवका उडाला तर तो सांधा पुन्हा कधीच बेमालूम बसत नाही.

त्यानंतर सगळे तुकडे कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या द्रावणाने धुवावेत आणि फुटलेल्या कडा मऊ ब्रशने साफ कराव्यात. इतकी वर्षे तेल बाळगलेल्या बरणीच्या बारीक भेगांत ते मुरलेले असते, म्हणून वाळल्यावर कडा ॲसिटोनने पुन्हा पुसाव्यात. फुटलेल्या कडेवर झिलई नसल्यामुळे ती ओल धरते. मुंबईच्या पावसाळ्यात तुकडे पंख्याखाली चांगले काही दिवस वाळू द्यावेत.

आता गोंद न लावता संपूर्ण बरणी केवळ चिकटपट्टीच्या आधाराने उभी करून पाहावी. हा भाग कंटाळवाणा वाटतो आणि बहुतेक जण तोच गाळतात. बुडापासून वर जाताना कोणत्या तुकड्यानंतर कोणता बसतो, याचे आकडे पट्टीवर लिहून ठेवावेत, कारण क्रम चुकला तर शेवटचा तुकडा दोन शेजाऱ्यांच्या मध्ये शिरतच नाही. गोंदाचा थर जाड झाला तरी हेच होते. प्रत्येक सांध्यात केसभर फरक साचत जातो आणि गळ्यापाशी पोहोचेपर्यंत वर्तुळ जुळेनासे होते.

वस्तुसंग्रहालयांतील संवर्धक पॅरालॉइड बी-७२ नावाचे ॲक्रिलिक राळेचे दाणे ॲसिटोनमध्ये विरघळवून वापरतात, कारण तो सांधा पुढे ॲसिटोननेच सोडवता येतो. मात्र ही राळ सुमारे ४० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते. पश्चिमेच्या उन्हात तापणाऱ्या मुंबईतील खिडकीजवळ एवढ्या जड बरणीचा भार केवळ तिच्यावर सोपवणे मला योग्य वाटत नाही. म्हणून कडांना या राळेचा पातळ हात देऊन तो वाळू द्यावा आणि मग अराल्डाइटसारख्या दोन नळ्यांच्या इपॉक्सीने तुकडे जोडावेत; पाच मिनिटांत आवळणारा प्रकार न घेता सावकाश घट्ट होणारा घ्यावा. खालचा थर ॲसिटोनने सुटत असल्यामुळे पुढे बरणी उकलण्याची वाट मोकळी राहते. बाहेर आलेला गोंद ओला असतानाच स्पिरिटने पुसावा, सांध्यावर आडव्या पट्ट्या ताणून लावाव्यात आणि बरणी तांदळाने किंवा वाळूने भरलेल्या घमेल्यात अशी रोवावी, की ताज्या तुकड्याचा भार सरळ खाली पडेल. उरलेल्या खळग्यांत प्लॅस्टर ऑफ पॅरिस भरून, घासून, फक्त तेवढ्याच जागेवर ॲक्रिलिक रंग द्यावा.

सोनेरी रेघांच्या जपानी पद्धतीला किंत्सुगी म्हणतात. तिच्यातील उरुशी हा झाडाचा चीक असून ते झाड आपल्या बिब्ब्याच्याच कुळातले आहे. ओला चीक अंगाला लागला तर बिब्बा उतावा तसे अंग उतते. तो घट्ट होण्यासाठी दमट हवा लागते, त्या बाबतीत मुंबई भाग्यवान आहे. मात्र कामाला कित्येक आठवडे लागतात. बाजारात या नावाने मिळणाऱ्या बहुतेक संचांत इपॉक्सी आणि सोनेरी भुकटी असते. मला विचाराल तर, स्वयंपाकघरातल्या कष्टाळू बरणीवर सोनेरी रेघा उपऱ्या वाटतील.

प्रश्न : आमच्याकडे जुनी निळी फुलदाणी आहे. तिच्या बुडाखाली ‘बॉम्बे स्कूल ऑफ आर्ट’ असे इंग्रजीत कोरलेले असून काठाचा टवका उडाला आहे. तो चिकटवावा का? (एक वाचक, माझगाव)

उत्तर : कृपया काहीही चिकटवू नका. आजच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली झिलईची भांडी घडवली जात. तशी भांडी आपल्या घराजवळच, भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात पाहायला मिळतात. फुलदाणी त्यांपैकी असेल तर घरगुती गोंदाने तिचे मोल घटेल. तिची व बुडाच्या ठशाची स्वच्छ छायाचित्रे काढून या संग्रहालयाकडे किंवा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कलासंवर्धन केंद्राकडे विचारणा करावी, आणि तोवर टवका कापसात गुंडाळून डबीत ठेवावा.